नवशिक्यांचा उतार

१२ सप्टेंबर

चिमणे,

अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच.

चार वर्षांनी लिहितेय आणि कारण ऐकून तुला हसू येईल. मी जानेवारीत स्की शिकायला चाललेय. वय त्रेपन्न, गुडघे माझ्याहून वयस्कर, आणि बर्फ आजवर फ्रीजच्या वरच्या कप्प्यातच पाहिलेला. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी रजेचा अर्ज वाचला आणि म्हणाले, "हाडं मोडून घ्यायला एवढ्या लांब कशाला जाता? आपल्या मागच्या जिन्याला कठडा नाहीच आहे." सही मात्र केली.

नवशिक्यांचा पाच दिवसांचा वर्ग आहे. मी दोन जागा घेतल्यात. दुसरी तुझी.

लगेच पत्र चुरगळू नकोस. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. तुझ्या लंबूच्या डोक्यातून आलंय. तुला आठवत असेल, तो गेला त्या वर्षी तुला म्हणाला होता, जानेवारीत एका ठिकाणी न्यायचंय, कुठे ते विचारू नकोस. तू विचारलं नाहीस, उलट रुसून बसलीस. ते ठिकाण हे होतं. त्यानं एका वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, गाडी कुठली, बूट कुठले, पहिल्या दिवशी काय शिकवतात. ती वही माझ्याकडे आहे.

कशी आली ते आत्ता विचारू नकोस.

हॉस्पिटलच्या त्या पॅसेजमध्ये तू मला जे म्हणालीस ते मला पाठ आहे. "तुला माहीत होतं. दर रविवारी माझ्या घरी जेवलीस आणि तुला माहीत होतं." तेव्हाही मी हेच सांगत होते आणि आताही सांगते. मी नियम पाळला. टेक्निशियननं एक्स-रे काढायचा, वाचायचा नाही. नातेवाइकांना तर चकार शब्द सांगायचा नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. नियम मी केलेला नाही. अठ्ठावीस वर्षं तो पाळत आलेय आणि कुणी मला त्याबद्दल शाबासकीही दिलेली नाही.

येणार असशील तर दोन ओळी टाक.

ताई


४ ऑक्टोबर

चिमणे,

दोन ओळी टाकायला तीन आठवडे पुरले नाहीत तुला. वर्गातल्या मुलांचे पन्नास निबंध एका दुपारी तपासतेस, मला माहीत आहे.

मी तयारीला लागलेय. वहीत लिहिलंय की मांड्या आधी भक्कम करायच्या. भिंतीला पाठ टेकायची आणि खाली खुर्ची आहे असं समजून बसायचं. खुर्ची नसते. पहिल्या दिवशी अकरा सेकंद टिकले आणि जमिनीवर बसले ते तिथेच चहा गार होईपर्यंत. आता दीड मिनिटावर आलेय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, रोज सकाळी काय पडतं हो तुमच्याकडे? म्हटलं, मीच.

तुला वाटेल ही इतकी हौस कुठून आली. हौस बिलकूल नाही. मला उंचावरून खाली बघवत नाही. पण ती वही चार वर्षं कपाटात पडून आहे आणि कपाट उघडलं की ती दिसते.

त्यातलं थोडं उतरवून पाठवते, त्याच्याच शब्दांत.

"तिचा पाय सदतीस नंबरचा, पण डावा किंचित मोठा. बूट डाव्या पायाला घालून बघायचा."

"तिला थंडी आधी बोटांना लागते. पाच बोटांचे हातमोजे नकोत, सगळी बोटं एकत्र राहतील असे घ्यायचे."

"पहिले दोन दिवस ती चिडणार. तिला चुकायला आवडत नाही. तिच्या आधी मी पडायचं."

हे वाचून तुला रडू आलं तर येऊ दे. मला हे चार वर्षं एकटीलाच वाचावं लागलंय. माझ्या पायाचा नंबर आजवर कुणी वहीत लिहिलेला नाही. तक्रार नाही ही, माहिती देतेय. लग्न तुझं झालं, बाबांच्या आजारपणात रजा मी घेतल्या, यावर आपण फार पूर्वी भांडून मोकळ्या झालोय.

ताई


३० ऑक्टोबर

चिमणे,

तुझं कार्ड मिळालं. "वही माझी आहे. पाठवून दे. ती तुझ्याकडे कशी?" तीन वाक्यं, एक नमस्कारही नाही. ठीक आहे. लंबू तुला हेडमास्तरीण म्हणायचा ते उगीच नाही.

वही पाठवणार नाही. घ्यायची असेल तर जानेवारीत येऊन घे. पण ती माझ्याकडे कशी आली ते सांगते. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुला फक्त नियमाचं कारण देत राहणं मलाच आता जड होतंय.

तो ऑगस्टमध्ये आला होता, खोकला जात नाही म्हणून. तूच पाठवलं होतंस, "जाऊन ताईकडून फोटो काढून घे" म्हणून. मी त्याला पाटीला छाती टेकवून उभं केलं. एवढा उंच की पाटी पार वरपर्यंत न्यावी लागली. मी काचेमागे आले, नेहमीसारखं म्हटलं, श्वास घ्या, धरून ठेवा, आणि बटण दाबलं. चित्र समोर आलं आणि मी "सोडा" म्हणायला विसरले. तो बिचारा श्वास धरून उभा. शेवटी स्वतःच म्हणाला, "ताई, सोडू का?"

तो आत आला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"वाईट आहे ना?"

"डॉक्टर सांगतील."

"डॉक्टर उद्या सांगतील. तुम्ही आज सांगा."

मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तोवरच्या चोवीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा नियमाचं म्हणशील तर तो मी त्याच दिवशी मोडला होता, फक्त तुझ्यासाठी मोडला नाही.

पुढच्या तपासण्यांना तो एकटाच गेला. तीन डॉक्टरांना दाखवलं, तिघांनी एकच सांगितलं, फार पसरलंय, करण्यासारखं काही उरलेलं नाही. मग तो परत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "जानेवारीपर्यंत तिला काही बोलू नका. तिला एकदा बर्फावर नेतो, हसवतो, मग मीच सांगतो." तू घरातले सगळे खण धुंडाळतेस, म्हणून वही माझ्या लॉकरमध्ये ठेवायला दिली.

बर्फच का, ते मी विचारलं होतं. लग्नाआधी त्याला लिफ्टच्या कंपनीनं तिथे पाठवलं होतं, माणसांना डोंगरावर नेणाऱ्या दोरावरच्या पाळण्यांची मोटर दुरुस्त करायला. दोन आठवडे तो यंत्राच्या खोलीत बसून लोकांना वर पाठवत होता आणि घसरत खाली येताना बघत होता. स्वतः एकदाही पायाला स्की लावली नाही. म्हणाला, "सगळे जण खाली येताना लहान मुलांसारखे हसत असतात, ताई. तिला तसं हसताना मी बघितलेलं नाही."

तर त्यानं मला गप्प बसायला सांगितलं होतं. मी शब्द दिला होता. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये हे सांगितलं असतं तर तू त्याच्यावर चिडली असतीस, आणि तो आत नळ्या लावून पडला होता. मग चिडलीस ती माझ्यावर चिडलीस. म्हटलं, चालेल.

आता बाकी काही सांगायचं राहिलेलं नाही.

ताई


१० डिसेंबर

चिमणे,

"येते. खोली वेगळी हवी." मिळालं. खोली वेगळी घेतलीय, तुझी दुसऱ्या मजल्यावर, माझी तळमजल्यावर, म्हणजे जिन्यातही भेट व्हायला नको.

आता कामाचं. सुती काहीही आणू नकोस. घाम आला की सुती कपडा ओला होतो आणि ओला कपडा अंगावर गार पडतो. आत अंगाला चिकटून बसणारं पातळ लोकरीचं, त्यावर गरम, सर्वांत वर पाणी आत न शिरणारं. मोजे एकच जोडी घालायची, दोन नाहीत. दोन घातले की पाय बुटात सरकतो आणि घोट्याला फोड येतात. तुझा हट्ट असतो दोन मोज्यांचा, म्हणून मुद्दाम लिहितेय. बूट, स्की, काठ्या आणि हेल्मेट तिथे भाड्यानं मिळतात. गॉगल आण. बर्फावर ऊन खालूनही लागतं, तेव्हा हनुवटीखालीही मलम लावायचं.

मी बूट घालून बघायला इथल्या दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाला, आजीबाई, नातवासाठी का? म्हटलं, नातवाला मूल झालं की येईन, आत्ता माझ्यासाठी दाखवा. तो बूट म्हणजे प्लास्टर घातल्यासारखाच. पाय आत गेला की घोटा हलत नाही, चालताना माणूस यंत्रासारखा दिसतो. आरशात बघून एकटीच हसत होते. तुला सांगावंसं वाटलं. चार वर्षांत असं पुष्कळ वेळा वाटलं, आणि दर वेळी तुझा राग आला की सांगायलाही ठेवलं नाहीस.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तिथे माझ्याशी बोलायची सक्ती नाही. पण सगळ्यांसमोर तोंड फिरवू नकोस. दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बाया पाच दिवस एकमेकींना टाळताहेत हे फार वाईट दिसतं.

ताई


१६ जानेवारी, दुपार

चिमणे,

ही चिठ्ठी तुझ्या दाराखालून सरकवतेय. जेवणाच्या टेबलावर तू माझ्यासमोरची खुर्ची सोडून त्या नवविवाहित जोडप्यात जाऊन बसलीस. ती दोघं एकमेकांकडे बघत होती, तू सुपाकडे बघत होतीस आणि मी तुमच्या तिघांकडे. आता पत्रानंच बोलायचं तर पत्रानं.

आज दुसरा दिवस. मी सात वेळा पडले, तू दोनदा. मोजत होते. तू पहिल्यांदा पडलीस तेव्हा त्या शिकवणाऱ्या पोरीला म्हणालीस, "स्की खराब आहे." मला वहीतली ओळ आठवली आणि मी तोंड फिरवलं. हसू लपवायला नाही.

ती पोरगी चांगली शिकवते. "पुढची टोकं जवळ, टाचा लांब. भीती वाटली की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकला की पडतो. खाली बघा, पुढे वाका." हे सगळं मला समजतं. माझ्या गुडघ्यांना समजत नाही. सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं आणि जेमतेम दोन खोल्यांच्या लांबीचा उतार उतरायचा, एवढंच तर काम. माझ्या पुढे पाच वर्षांची मुलं भराभर निघून जातात. काल एकीनं मागे वळून मला विचारलं, "तुम्ही मुद्दाम पडता का?"

तुझा डावा बूट टोचतोय. लंगडत होतीस. दुकानात जाऊन बदलून घे, एक नंबर मोठा माग. हे मी सांगितलं म्हणून हट्टानं तसाच घालू नकोस.

वही सोबत ठेवलीय. ती तुझी आहे, अट वगैरे काही नाही.

ताई


२४ जानेवारी

चिमणे,

घरी पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी फार बोलले नाही. तुला वाटलं असेल, दमलेय. दमले नव्हते. हे पत्र डोक्यात लिहीत होते.

गुरुवारचं आधी लिहिते. तुला ते माहीतच आहे, पण मला ते एकदा नीट लिहून काढायचंय.

चौथा दिवस होता. सकाळी मी पहिल्यांदा न पडता खालपर्यंत आले आणि थांबले, दोन्ही एकाच वेळी. थांबायला जमलं याचंच मला इतकं आश्चर्य वाटलं की मी तिथेच उभी राहिले, आणि मागून तू आलीस ती सरळ माझ्यावर आदळलीस. दोघी पडलो. तुझी काठी माझ्या बगलेत, माझी स्की तुझ्या पाठीखाली. ती पोरगी धावत आली आणि तू हसायला लागलीस. मी तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं. लंबूनंही पाहिलं नव्हतं. मला आधी आनंद झाला आणि लगेच वाटलं, हे बघायला मी उरलेय.

मग आपण भाड्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो. तू बुटांचे चाप सोडलेस आणि समोर बघत म्हणालीस, "मला माहीत होतं, ताई."

"काय?"

"त्यानंच तुला गप्प बसवलं होतं ते. शेवटच्या आठवड्यात त्यानं मला सांगितलं. नीट बोलता येत नव्हतं, तरी तेवढं सांगितलं. ताईकडून मी शब्द घेतला होता, तिला बोल लावू नकोस म्हणाला."

मी विचारलं, "मग चार वर्षं?"

"तो गेला. मग रागवायला तूच उरली होतीस." तू बुटांवरचा बर्फ झाडलास. "मी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते, ताई. उशिरा येतो, सांगत नाही, बाहेर कुणी आहे असं वाटलं होतं मला. तो मरत होता आणि मी त्याचं ताट झाकून ठेवून आत जाऊन झोपत होते. हे मी कुणाला सांगायचं? तुझ्यावर चिडणं त्यापेक्षा सोपं होतं." मग तू हातमोजा काढून माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तू दिलेला शब्द पाळलास. मी असते तर मला जमलं नसतं. आता झालं गेलं संपलं."

मी मान हलवली. तुला वाटलं, मला भरून आलंय.

चिमणे, त्यानं तुला सगळं सांगितलं नाही.

सप्टेंबरात तू त्याच्याशी बोलायची थांबलीस तेव्हा तो दर दोन दिवसांनी माझ्याकडे यायला लागला. तपासणी असो की नसो. जेवणाच्या सुट्टीत एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचा, यंत्रातला तो पाणचट चहा प्यायचा आणि बोलायचा. तुझ्याबद्दलच बोलायचा, पण बोलायचा माझ्याशी. वहीत काही नवीन लिहिलं की वाचून दाखवायचा. माझा डबा अर्धा संपवायचा. माझ्या आयुष्यात कुणी रोज माझी वाट बघत बाकावर बसलेलं नव्हतं. मी सकाळी केस नीट विंचरायला लागले होते. यात तुला वाटेल तसलं काही नव्हतं, आणि त्याच्या मनात तर काहीच नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं की आमचं दोघांचं एक गुपित आहे आणि ते तुझ्याकडे नाही. लहानपणापासून प्रत्येक गोष्ट आधी तुला मिळाली. ही एक मला आधी मिळाली होती.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, शुक्रवारी, तो म्हणाला, "ताई, आता तुम्ही सांगून टाका तिला. जानेवारी मला गाठता येईल असं वाटत नाही. मी तोंड उघडलं की ती उठून जाते. तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, "रविवारी सांगते."

रविवारी मी आले. तू वाढलंस. तो माझ्याकडे बघत होता. तू रागानं भांडी आपटत होतीस आणि मी तुझ्या शाळेच्या सहलीबद्दल विचारत राहिले. सोमवारी त्याला म्हटलं, ती फार चिडलेली होती, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी तू म्हणालीस, डोकं दुखतंय, आणि मला तेवढं निमित्त पुरलं. मनात मी हिशेब केला होता. तुला सांगितलं की तू त्याला जवळ घेशील, मग तो बाकावर यायचा बंद होईल. इतका सरळ हिशेब होता. मी तो तेव्हाही ओळखला होता.

तिसऱ्या रविवारी तुमचा जेवणानंतर कशावरून तरी खटका उडाला आणि तू आत निघून गेलीस. तो मला दारापर्यंत सोडायला आला. "ताई, प्लीज," एवढंच म्हणाला. त्यानं मला आधी कधी प्लीज म्हटलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि गेले.

मंगळवारी तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर कोसळला. तुला ते पॅसेजमध्ये एका अनोळखी डॉक्टरानं सांगितलं.

म्हणजे तुझा तो महिना निम्मा झाला असता. तू त्याच्याशी पंधरा दिवस तरी बोलली असतीस, नळ्या लावायच्या आधी, त्याला नीट बोलता येत होतं तेव्हा. ते दिवस त्याच्या आजारानं घेतले नाहीत आणि तुझ्या रागानंही घेतले नाहीत. ते मी घेतले. त्याला हे माहीत होतं, आणि तरी शेवटी तुझ्यासमोर त्यानं मला वाचवलं. तुला बहीण उरावी म्हणून असेल. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, असं लिहायला हात शिवशिवतो, पण ते खरं नाही. मीही मनातल्या मनात चार वर्षं त्याला दिलेल्या शब्दाआडच लपले. ऑक्टोबरच्या पत्रातही लपले. "बाकी काही सांगायचं राहिलेलं नाही" असं लिहून खाली सही केली होती.

बर्फावर तुला न्यायचं ठरवलं ते मनात हे सांगायचं ठरवूनच. पहिल्या दिवशी सांगेन म्हटलं, मग दुसऱ्या. गुरुवारी तू हात धरलास आणि मी मान हलवली. तीन रविवार आणि तो एक गुरुवार.

तुझ्या मनात हे आहे की तू त्याला एकटं पाडलंस. ते तू मनातून काढून टाक. तुला माहीत नव्हतं, कारण मी तुला कळू दिलं नाही. माझ्याकडून तुला देण्यासारखं एवढंच आहे, आणि ते दिलं की तू मला परत दारात उभी करणार नाहीस हेही मला समजतं. फोनवर तू म्हणालीस, पुढच्या रविवारी जेवायला ये. मी येणार नाही. हे वाचून झाल्यावर पुन्हा बोलावशील तर येईन, पण मी त्याची वाट बघत बसणार नाही, म्हणजे बसणार, पण तू त्याचा विचार करू नकोस.

साडेअकरा वाजलेत. बाहेर सहा पेशंट थांबलेत आणि टपालवाला बाराला पेटी उघडतो. मी आधी खाली जाऊन हे टाकून येतेय, मग एप्रन घालीन.

ताई